नगावर शिवतो म्हणून कोणी कंत्राटदार होत नाही

प्रश्न : माझी आणि माझ्या जाऊबाईंची भागीदारी फर्म आहे. सिडकोत, अंबडला लागून, शाळांचे गणवेश शिवून देतो. जागेवर १४ जण असतात : एक कटिंग मास्तर, नऊ शिलाई कारागीर, काजे-बटण, इस्त्री आणि पॅकिंगच्या तिघी, शिवाय देखरेखीला एक मुलगी. पवननगर-उत्तमनगरातल्या सहा बायका कापलेला माल घरी नेतात आणि स्वतःच्या मशीनवर शिवून आणतात. हिशेब लिहिणारे काका, टेम्पोवाला आणि वेबसाइटसाठी फोटो काढणारा मुलगा हे तिघे वेगळे. जागेवरची मशीनं आमची, वेळ साडेनऊ ते साडेसहा, आणि शिवण बिघडली तर आम्ही उसवून पुन्हा शिवून घेतो. शर्टाला ४० रुपये दर आहे. कारागिराला महिन्याला १४ हजारांच्या आसपास सुटतात. मास्तर ११ वर्षांपासून आहेत, त्यांना १९ हजार देतो.

आमच्या कर सल्लागारांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, की सगळ्यांना कंत्राटदार दाखवा, एक टक्का टीडीएस कापा, पीएफ-ईएसआयची भानगडच नको. गेल्या महिन्यात कापड कापताना मास्तरांच्या बोटाला मोठी जखम झाली. खाजगी दवाखान्याचं अर्धं बिल आम्ही भरलं. त्यांच्या पत्नीनं विचारलं, "एवढी वर्षं झाली, यांचं कुठलं कार्ड नाही का?" मला उत्तर देता आलं नाही. दीर म्हणतात, द्राक्षाच्या छाटणीला टोळी उक्ती येते, तिला कोण पीएफ देतं? कारागीर म्हणतात, कापू नका, सगळे हातात द्या. भाऊ म्हणतो, दोन फर्म करा आणि माणसं वाटून दाखवा. नेमकं काय करू?
— एक उद्योजिका, नाशिक

उत्तर :

ताई,

मास्तरांच्या पत्नीनं विचारलं ते रास्तच होतं. कार्ड असायला हवं होतं. १० किंवा त्याहून अधिक माणसं कामाला असली की कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय लागू होतो, आणि महिन्याला २१ हजारांपर्यंत वेतन असणारा प्रत्येक जण त्यात येतो. तुमच्या जागेवर १४ जण आहेत आणि मास्तरांचे १९ हजारही त्या मर्यादेत बसतात. कार्ड असतं तर सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले असते, आणि कामावर येता येत नव्हतं त्या दिवसांचं सुमारे ९० टक्के वेतन ईएसआय महामंडळानं दिलं असतं. त्यांना 'कंत्राटदार' म्हणणाऱ्या एका कागदामुळे यातलं काहीच झालं नाही. म्हणून आधी तो कागद तपासू.

तुमच्या दिरांचं उदाहरण चांगलं आहे, कारण दोन्हीकडचं काम शेजारी शेजारी ठेवलं की फरक लगेच दिसतो. दिंडोरी-निफाडकडे छाटणीला टोळी येते ती स्वतःची कात्री घेऊन. मुकादम एकराचा भाव सांगतो, घासाघीस करतो, नाही पटलं तर पुढच्या बागेत जातो. टोळीत आज कोण असेल, किती जण असतील हे तो ठरवतो. बागायतदार कोणाची हजेरी मांडत नाही. एका आठवड्यात टोळीच्या चार बागा होतात आणि त्या चार वेगळ्या मालकांच्या असतात. लवकर उरकलं तर फायदा टोळीचा, पाऊस लागला तर तोटाही तिचाच. (टोळीतल्या मजुराला मुकादम काय देतो, हा वेगळा आणि गंभीर विषय आहे. आज त्यात शिरत नाही.)

आता तुमचा कारागीर. मशीन तुमचं, कापड, दोरा, वीज तुमची. येण्या-जाण्याची वेळ तुम्ही ठरवलेली. शर्टाचा भाव तुम्ही सांगता आणि तो मान्य करतो. बरं नसलं तर स्वतःच्या जागी चुलतभावाला पाठवून तो दिवस भरून काढेल, असं होत नाही. शाळेनं पैसे उशिरा दिले तर तोटा त्याला होत नाही, आणि शाळेनं भाव वाढवून दिला तर नफाही होत नाही. ज्याला नफा-तोटा नाही, भाव ठरवता येत नाही आणि दुसरा माणूस पाठवता येत नाही, त्याचा स्वतःचा धंदा आहे असं म्हणायला काही आधार उरत नाही. तो तुमचा कामगार आहे. पैसे नगावर देता की महिन्यावर, एवढ्यानं त्यात बदल होत नाही.

हे माझं एकटीचं मत नाही. तुमच्याच धंद्यातला एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता : सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउस, निकाल १९७३ चा. तिथले शिंपी नगावर शिवायचे, वेळेची सक्ती तुमच्यापेक्षाही सैल होती, काही जण कापड घरी नेत, दुसरीकडे काम करायलाही त्यांना आडकाठी नव्हती. तरी न्यायालयानं त्यांना दुकानाचे नोकर मानलं. मशीनं दुकानाची होती, आणि शिवण पसंत पडली नाही तर नाकारून पुन्हा शिवायला लावण्याचा अधिकार दुकानदाराकडे होता, या दोन गोष्टी वजनदार ठरल्या. तुमच्या पत्रात या दोन्ही गोष्टी तुम्हीच लिहिल्या आहेत. एकच एक कसोटी लावून निर्णय होत नाही, हेही न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका संस्थेत मानद काम करणाऱ्या नेत्रशल्यचिकित्सकाला स्वतंत्र व्यावसायिक ठरवलं, तेव्हाही कराराच्या अटी आणि कामाचं स्वरूप एकत्र पाहूनच ठरवलं. तुमच्या मास्तरांच्या बाबतीत असं सगळं एकत्र पाहिलं तर दुसऱ्या बाजूला ठेवायला मला काही सापडत नाही.

घरी शिवणाऱ्या सहा जणींबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, पण सगळं गणित त्यांच्यावर येऊन थांबतं. मशीन त्यांचं, वेळ त्यांची, चूल-मुलं सांभाळून शिवतात, मग त्या तरी स्वतंत्र असतील असं वाटणं साहजिक आहे. सिन्नरकडे घरी विड्या वळणाऱ्या बायका तुम्हाला माहीत असतील. अशाच घरी विड्या वळणाऱ्यांना भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ, लागू होतो का, हा प्रश्न पी. एम. पटेल अँड सन्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर आला. १९८५ मध्ये न्यायालयानं सांगितलं, की लागू होतो. कच्चा माल कारखानदाराचा, आणि तयार विडी नापास करण्याचा अधिकारही त्याचाच. घरात बसून केलं तरी काम त्याच्याच कारखान्याचं. तुम्ही कापलेला माल देता, शिवलेला तपासून घेता, खराब परत करता. त्यांना मोजलंत तर तुमचा आकडा १४ वरून बरोबर २० होतो, आणि २० या आकड्यावर पीएफ लागू होतो. "आम्ही विसाच्या आत आहोत" असं कोणी सांगितलं असेल, तर ते या सहा जणींना वगळूनच सांगितलं असणार.

बाहेरचे तिघे मात्र खरेच स्वतंत्र दिसतात. फोटोवाल्या मुलाचा कॅमेरा त्याचा, गिऱ्हाइकं अनेक, कामाचा भाव तो सांगतो आणि बिल देतो. त्याचं काम व्यावसायिक सेवेत धरून वर्षाला ५० हजारांच्या वर गेलं तर १० टक्के टीडीएस कापा. हिशेबाच्या काकांकडे आणखी चार दुकानांच्या वह्या असतील तर तेही स्वतंत्र. फक्त ते थोडा वेळ येतात म्हणून नव्हे. अर्धवेळ कामाला असलेला माणूसही कामगार असू शकतो. टेम्पो त्याच्या नावावर असेल आणि तो इतरांचाही माल वाहत असेल तर भाडं द्या. दहा किंवा त्याहून कमी मालवाहू गाड्या असणाऱ्यानं तसं लिहून पॅन दिला, तर वाहतुकीच्या भाड्यावर टीडीएसही कापावा लागत नाही. उद्या तुम्ही स्वतःचा टेम्पो घेतलात आणि त्याला चालवायला बसवलंत, तर त्या दिवसापासून तो तुमचा ड्रायव्हर, तुमचा कामगार.

बाजार समितीचंही सांगते, कारण "यांचा एक मालक नाही, मग यांना कुठलं संरक्षण" हे वाक्य मी नाशिकमध्ये खूप ऐकते. लासलगावचा हमाल आज या व्यापाऱ्याचा कांदा उचलतो, उद्या त्या व्यापाऱ्याचा. एक मालक त्याला नाहीच. तरी महाराष्ट्रानं १९६९ मध्ये माथाडी कायदा करून त्यांच्यासाठी मंडळं उभी केली. मालकाकडून मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक जादा रक्कम, मंडळाकडे जमा होते, आणि त्यातून हमालाला मजुरीबरोबर भविष्य निधीसारखे लाभ मिळतात. रोज मालक बदलणाऱ्यालाही या राज्यानं वाऱ्यावर सोडलेलं नाही. ११ वर्षं एकाच टेबलावर कापड कापणाऱ्या माणसाची जबाबदारी कुणाची, याबद्दल शंका कशी राहील?

आता तो एक टक्का. तुमच्या सल्लागारांना तो निरुपद्रवी वाटला असेल, पण त्यानं कारागिराचं नुकसान होतं. महिन्याला १४ हजार म्हणजे वर्षाचे १ लाख ६८ हजार. कंत्राटाची रक्कम वर्षात एक लाखाच्या वर जाते, म्हणून तुम्ही १,६८० रुपये कापता. या उत्पन्नावर त्याला आयकर लागतच नाही. पगार म्हणून दिले असते तर आयकराचा एक रुपयाही कापला गेला नसता. कापलेले परत मिळवायचे तर त्यानं व्यवसायाचं विवरणपत्र भरायला हवं, आणि तुमच्या नऊ कारागिरांपैकी किती जण ते भरतात हे त्यांना एकदा विचारून पाहा. गरिबाचे पैसे सरकारजमा होतात आणि त्यातून कोणाचंच भलं होत नाही, ही गोष्ट मला फार लागते.

खर्चाची भीती खरी आहे, म्हणून आकड्यांत मांडते. १४ हजारांवर तुमचा पीएफचा १२ टक्के वाटा १,६८० रुपये. त्यावर विमा आणि प्रशासकीय खर्च मिळून एक टक्का, १४० रुपये. ईएसआयचे तुमचे ३.२५ टक्के, ४५५ रुपये. बेरीज २,२७५. हा कारागीर महिन्याला ३५० शर्ट शिवतो, म्हणजे शर्टामागे साडेसहा रुपये. ही तुमच्या धंद्याची खरी किंमत होती आणि आजवर ती कारागीर भरत होता. मास्तरांचं थोडं वेगळं आहे. पीएफची सध्याची वेतनमर्यादा १५ हजार आहे. जो आधी कधी सदस्य नव्हता आणि ज्याचं वेतन त्याहून जास्त आहे, त्याला सक्ती नाही. दोघांच्या संमतीनं घेता येतं. मी म्हणेन, घ्या. त्यांच्या वयाला निवृत्तीसाठी दुसरी सोय क्वचितच असते. आणि ग्रॅच्युइटी विसरू नका. १० माणसांच्या आस्थापनेत पाच वर्षं झाली की ती लागू होते. वर्षाला १५ दिवसांचं वेतन, महिन्याचे २६ दिवस धरून. मास्तरांचे ११ वर्षांचे आजच सुमारे १ लाख २० हजार होतात. ते तुमच्या वहीत देणं म्हणून दिसायला हवेत.

तुमच्या वाट्याचे पैसे त्यांच्या मजुरीतून काढायचे नाहीत, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. मागच्या महिन्यांचा थकलेला कामगारांचा वाटाही आता त्यांच्या मजुरीतून कापता येत नाही. तो मालकालाच सोसावा लागतो. उशिरावर १२ टक्के व्याज आणि वर दंड लागतो, म्हणून प्रत्येक पुढे ढकललेला महिना महाग पडतो.

"कापू नका, हातात द्या" असं कारागीर म्हणतात, त्यात त्यांची काही चूक नाही. १४ हजारांतून १,६८० आणि ईएसआयचे १०५ गेले की हातात १२,२१५ उरतात. भाडं आणि शाळेची फी भरणाऱ्या घराला हा मोठा फटका आहे. पण त्यांनी लेखी नको म्हणून दिलं तरी तुमची जबाबदारी संपत नाही. हा हक्क सही करून सोडता येत नाही. तेव्हा सही मागू नका, समजावून सांगा. त्याच्या १,६८० मध्ये तुमच्याकडून आणखी ५१४ त्याच्या खात्यात पडतात आणि १,१६६ पेन्शनकडे जातात, हे कागदावर लिहून दाखवा. दहा वर्षं भरली की पेन्शनचा हक्क येतो. सदस्य असताना मृत्यू झाला तर घरच्यांना विम्याचे सात लाखांपर्यंत मिळू शकतात, आणि त्यासाठी कारागिराच्या खिशातून काही जात नाही. पॅकिंगच्या तिघींना सांगा, की ईएसआयची वर्गणी नियमानुसार भरलेली असली की बाळंतपणाची २६ आठवडे पगारी रजा मिळते, आणि उपचार घरच्यांनाही मिळतात. मला भेटलेल्या बहुतेक कामगारांना पीएफ नको नव्हता. आधीच्या मालकानं कापून न भरल्यामुळे त्यांचा विश्वास उडाला होता. म्हणून पहिल्या महिन्याची रक्कम जमा झाली की प्रत्येकाच्या फोनवर उमंग ॲपमध्ये त्याचं पासबुक त्याच्यासमोर उघडून दाखवा.

जमलं तर दरही वाढवा. शर्टाला ४० ऐवजी ४२ केलेत तर महिन्याला ७०० वाढतात आणि कपातीचा साधारण तिसरा हिस्सा भरून निघतो. दर ठरवताना किमान वेतन डोळ्यांसमोर हवं. नगावर काम असलं तरी पूर्ण दिवस शिवणाऱ्याला त्याच्या खाली जाता येत नाही, आणि त्यातला विशेष भत्ता राज्य सरकार जानेवारीत आणि जुलैत बदलतं. घरच्या सहा जणींनाही हेच माप लावा. तिथे मला जास्त काळजी वाटते, कारण त्यांचे तास कोणी मोजत नाही.

तुमच्या भावाचा दोन फर्मचा सल्ला प्रेमापोटी असेल, पण तो मानू नका. एकाच छपराखाली, त्याच मशीनवर, त्याच कुटुंबाच्या पैशानं चालणारा धंदा दोन नावांत तोडला तरी पीएफ कार्यालय तो एकच धरतं. आज तुमच्याकडून राहून गेलेली गोष्ट आहे. दोन फर्म केल्यात तर ती जाणूनबुजून केलेली लपवाछपवी होईल, आणि अधिकाऱ्यासमोर या दोन्हींना सारखं वागवलं जात नाही.

मास्तरांचं काम आधी उरका. राहिलेलं अर्धं बिल भरा, घरी बसलेल्या दिवसांची मजुरी द्या. अपघात नोंदणीच्या आधी झाला म्हणून विषय मिटला असं समजू नका. मालकानं वर्गणी न भरल्यामुळे कामगाराचा लाभ बुडाला, तर महामंडळ तो देऊन मालकाकडून वसूल करू शकतं. म्हणून अपघात कधी आणि कसा झाला ते जसं घडलं तसं लिहा, तारीख मागे-पुढे करू नका. मजुरीच्या नोंदी, दवाखान्याचे कागद एकत्र ठेवा.

त्याबरोबर कामगार कायद्याचं काम करणारा सल्लागार गाठा. आयकर बघणारी व्यक्ती हे काम करेलच असं नाही. तुमच्या बाबतीत ते दिसलंच. पीएफ आणि ईएसआय या दोन्हींची नोंदणी श्रम सुविधा पोर्टलवर एकत्र होते. पीएफचा नवा खातेक्रमांक आता कामगाराचा चेहरा फोनवर पडताळून निघतो, तेव्हा सगळ्यांचे आधार आणि बँक खाती तपासून घ्या. एका स्पेलिंगपायी महिना जातो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे श्रम संहिता कायदे लागू झाले आहेत आणि त्यांत नियुक्तिपत्र देणं बंधनकारक आहे. साध्या मराठीत एका पानाचं लिहा : कामाचं नाव, नगाचा दर, वेळ, सुट्टी, कपात किती. मजुरी पुढच्या महिन्याच्या सातच्या आत, दोन्ही वर्गण्या १५ तारखेच्या आत. व्यवसाय कर पुरुषांना महिन्याला १० हजारांच्या वर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. स्त्रियांना २५ हजारांपर्यंत काही नाही. माणसं २० झाली की दिवाळीचा बोनसही कायद्यानं येतो, तेव्हा पेढ्यांच्या बॉक्सवर भागणार नाही.

आणि शाळांशी पुढच्या वर्षाचे दर ठरवायला बसाल, तेव्हा ते साडेसहा रुपये कोटेशनमध्ये वेगळी ओळ करून दाखवा : 'कामगारांचा पीएफ व ईएसआय'. मुख्याध्यापक किंवा संस्थाचालक घासाघीस करतील. त्यांच्या शिक्षकांच्या पगारपत्रकातही कपातीचा रकाना असतो, त्यामुळे ही ओळ कशाची आहे हे त्यांना सांगावं लागणार नाही. एखादी शाळा तरीही सोडून जाईल. तेवढा धंदा कमी धरूनच कापडाची ऑर्डर द्या.